खेळण्यांची दोन खोकी आणि एक घमेले वाळू

प्रश्न : माझी मुलगी दिवाळीच्या तोंडावर पाच वर्षांची होईल आणि धाकटा मुलगा दहा महिन्यांचा आहे. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंग विभागात काम करतो. पाळी बदलत असल्यामुळे मुले जागी असताना मी घरी असेनच असे नाही, म्हणून पगार झाला की काही ना काही खेळणे घेऊन जातो. पुण्याचा भाऊही ऑनलाइन पाठवत असतो. आता घरात दोन मोठी खोकी भरली आहेत, तरी मुलगी 'मला खेळायला काहीच नाही' म्हणते. गेल्या महिन्यात आणलेली दोन हजारांची रिमोटची गाडी तिने दोन दिवस चालवली. आई म्हणते, तिला गजगे आणि बोळकी द्या, बाकी काही नको. बायकोला वाटते, इंग्रजी बोलणारा खेळण्यातला लॅपटॉप घ्यावा, शाळेत उपयोग होईल. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांबद्दल ऐकले होते, पण किंमत बघून हात आखडला. वाढदिवसाला काय घ्यावे? आणि लिहायला लाज वाटते, पण मुलीबरोबर खेळायला बसलो की दहा मिनिटांत मला कंटाळा येतो. माझ्यात काही कमी आहे का?
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांचा धागा त्यातच सापडतो. मुलांबरोबर खेळताना मोठ्या माणसाला कंटाळा येणे ही लाजेची गोष्ट नाही. मी बरीच वर्षे बालवाडी चालवली आणि लटका चहा अकराव्यांदा पिताना माझेही लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलेले आहे. मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यात गोडी असते आणि आपल्याला ती कुठे तरी संपावी असे वाटत असते; त्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाचे डोळे मिटू लागले तर त्याला कोण दोष देईल? पण तुमच्या कंटाळ्याचे आणखी एक कारण मला पत्रात दिसते. तुमच्या घरातली बहुतेक खेळणी आपली आपणच खेळतात. रिमोटची गाडी धावते, दिवे लावते, हॉर्न वाजवते. त्यात एकाच्या अंगठ्याला काम मिळते आणि दुसऱ्याने ती पलंगाखाली अडकली की काढून द्यायची. गाडीला जे येते ते सगळे दोन दिवसांत करून संपले. मुलगी कंटाळली ती यामुळे, आणि तुम्हीही बहुधा यामुळेच कंटाळला आहात.

तुम्ही मोल्डिंगमध्ये, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करण्याच्या कामात, आहात हे वाचून, खरे सांगते, मला तुमच्या मुलीचा हेवा वाटला. येत्या सुट्टीला गच्चीवर किंवा अंगणात एक घमेले नदीची धुतलेली वाळू घ्या, मूठ वळली तर मुटका टिकेल इतके पाणी तिच्यावर शिंपडा आणि स्वयंपाकघरातून दोन वाट्या, एक सरळ कडांचा पेला आणि एखादा चमचा मागून आणा. वाटीत वाळू दाबून भरायची, वरून पट्टीने सपाट करायची, वाटी उपडी घालायची, बुडावर चमच्याने दोन टिचक्या मारायच्या आणि अलगद उचलायची. पहिल्या खेपेला कडा ढासळेल. ती का ढासळली हे तुम्हाला बघताक्षणी कळेल, पण लगेच सांगू नका. पाणी कमी पडले की जास्त झाले हे तिच्या बोटांना शोधू द्या. थोड्या वेळाने ती पेल्याकडे वळेल आणि पेला काही केल्या सुटणार नाही. तिरप्या कडांची वाटी सहज निघते आणि उभ्या कडांचा पेला वाळूला धरून बसतो, याचे कारण म्हणजे कडांचा तो तिरपा उतार; कारखान्यात तुम्ही त्यालाच 'ड्राफ्ट' म्हणता आणि त्याच्यावाचून पॅटर्न, म्हणजे ज्याच्याभोवती वाळू दाबतात तो नमुना, साच्यातून धड निघत नाही. मग एखाद्या वेळी वाटीला आतून तांदळाचे कोरडे पीठ भुरभुरवून दाखवा. वाळू चिकटू नये म्हणून तुमच्याकडे पार्टिंग पावडर वापरतात, ते काम घरच्या पिठाने होताना पाहून तुमची मुलगी तुम्हाला जादूगारच समजेल, आणि मला नाही वाटत की दहाव्या मिनिटाला तुम्ही जांभई द्याल.

एक मात्र कटाक्षाने पाळा. कारखान्यातली वाळू घरी आणू नका. तिच्यात बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी असते, आणि वापरून वापरून झालेली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सांगायचे इतकेच की मुलीबरोबर खेळताना तिच्याच भातुकलीत पाहुणा होऊन बसायला हवे असे नाही. तुम्हाला ज्यात गती आहे ते तिच्या हाताला झेपेल इतके लहान करून पुढे ठेवा. वीस मिनिटे पुरेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या, आणि कंटाळा आलाच तर 'आता मी थकलो, उद्या पुढचे करू' असे सांगून सरळ उठा. अंगाने शेजारी आणि डोळ्यांनी पडद्यावर असलेला बाप मुलांना लगेच ओळखू येतो, आणि त्यांची चिडचिड बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

आता त्या दोन खोक्यांकडे येऊ. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांचा खेळ पाहिला होता. एकदा खोलीत चार खेळणी ठेवली आणि एकदा सोळा. चार असताना मुले एकेका खेळण्यावर जास्त वेळ रमली आणि त्याच वस्तूशी अधिक तऱ्हांनी खेळली. तुमची मुलगी त्या मुलांपेक्षा मोठी आहे, तरी मला यात काही नवे वाटले नाही, कारण बालवाडीतल्या माझ्या पहिल्याच वर्षी तपासणीच्या दिवशी साहेबांना दिसावे म्हणून मी कपाटातले सगळे सतरंजीवर ओतले होते. मुले या ढिगावरून त्या ढिगावर धावत राहिली, अर्ध्या तासात दोघांची मारामारी झाली आणि साहेब गेले तेव्हा एकही मूल खेळत नव्हते. तेव्हा मुलीला शेजारी बसवून तिला हवी ती सहा-सात खेळणी बाहेर ठेवा आणि बाकीची खोक्यात भरून माळ्यावर टाका. पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. हे ती झोपलेली असताना गुपचूप करू नका. स्वतःची वस्तू न विचारता नाहीशी झाली की मुले उरलेल्या वस्तू घट्ट धरून बसतात. मोडकी, निम्मी हरवलेली, ज्यांचे तुकडे पडताहेत अशी मात्र टाकूनच द्या.

बोलणाऱ्या लॅपटॉपबद्दल तुमच्या पत्नीची काळजी मला समजते. आपल्या भागात मूल घरी मराठी बोलते, गल्लीत कन्नड ऐकते आणि शाळेत त्याला इंग्रजीची धास्ती असते. अशा वेळी इंग्रजीचे ओझे यंत्राने थोडे उचलले तर बरे, असे कोणत्या आईला वाटणार नाही? परंतु मुले शब्द उचलतात ते आपल्याला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १० ते १६ महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे घरातले बोलणे नोंदवले होते. बोलकी, दिवे लागणारी खेळणी समोर असताना पालकच कमी बोलले. साध्या खेळण्यांबरोबर त्याहून जास्त आणि चित्रांच्या पुस्तकांबरोबर सर्वांत जास्त. अभ्यास लहान आहे, पण त्यातली गोष्ट कुणालाही घरी पडताळता येण्याजोगी आहे : खेळणे बोलू लागले की माणसे गप्प होतात. तुमचे धाकटे बाळ नेमके त्याच वयाचे आहे. लॅपटॉपच्या पैशांत चांगली जाड पानांची चार-पाच चित्रपुस्तके येतील. मुलीला मांडीवर घेऊन त्यातली चित्रे मराठीत वाचा, आणि इंग्रजीसाठी तीच चित्रे इंग्रजीत विचारा. तुमचे इंग्रजी अडखळले तरी बिघडत नाही.

तुमच्या आईंच्या बाजूने मी अर्धे मत देते. गजगे हा फार हुशार खेळ आहे. एक वर फेकायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि पहिला झेलायचा. नंतर दोन उचलायचे, मग तीन. यात डोळा, हात, अंदाज आणि मोजणी एकाच वेळी कामाला लागते, आणि चुकले तर कोणी शिक्षक न सांगताही चुकल्याचे कळते. पाच वर्षांच्या मुलीला झेलणे लगेच जमणार नाही, पण एका हाताने उडवून दोन्ही हातांनी धरण्यापासून सुरुवात होते. शिवाय गजगा हा शब्द शेजारच्या कन्नड मुलीलाही तसाच कळतो. माझ्या अंगणात दुपारी दोन मुली खेळतात, त्यांची मोजणी ओंदु, एरडु, मूरु अशी चालते आणि भांडण मराठीत होते. पैसा खर्च न करता दुसरी भाषा शिकायची याहून सोपी वाट मी पाहिलेली नाही.

उरलेले अर्धे मत मी राखून ठेवले, ते दहा महिन्यांच्या बाळामुळे. या वयात जगाची ओळख तोंडातून होते, आणि गजगा, गोटी, चिंचोका यांपैकी काहीही श्वासनलिकेत अडकू शकते. तीन वर्षांखालील मुलांसाठी खेळण्यांचे सुटे भाग तपासायला साधारण ३.२ सेंटीमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावते ते धोक्याचे. घरी करायचे तर जाड पुठ्ठ्यात भोक कापा, आणि मी ते चार सेंटीमीटरचे कापायला सांगेन, म्हणजे चूक झालीच तर ती सावधगिरीच्या बाजूला होईल. त्या भोकातून जे जाईल ते बाळ जागे असताना जमिनीवर येता कामा नये. गजगे झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावेत, बाळ झोपल्यावर काढावेत, आणि परत ठेवताना मुलीनेच मोजून टाकावेत. सातातला एक कमी भरला तर आज्जींसह सगळ्यांनी तो सापडेपर्यंत शोधायचा. फुटलेल्या फुग्याच्या तुकड्यांनाही हाच नियम लावा. वाढदिवस आहे म्हणून मुद्दाम लिहिले.

याहून मोठा धोका तुमच्या खोक्यांत आधीपासून असण्याची शक्यता आहे. गाणारी, चमकणारी छोटी खेळणी आणि काही रिमोट यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. आज रात्रीच दोन्ही खोकी उलथी करा, आणि ज्या खेळण्याच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद नाही ते बाळाच्या घरात ठेवू नका. कधी शंका आलीच तर उलटी करवत बसू नका, घरगुती उपाय करू नका, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक जा.

आणखी एक. पत्रात उल्लेख नाही, पण दहा महिन्यांचे बाळ आहे म्हणून विचारते : त्याला बसवून ढकलण्याचा चाकांचा गोल वॉकर घरात आहे का? असल्यास बंद करा. पायऱ्यांवरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्याने मूल लवकर चालते हा समजही खरा नाही. बाळ धरून उभे राहू लागले की आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. त्यात बाळ बसत नाही, स्वतःच्या पायावर उभे राहून तो ढकलते. मात्र गुळगुळीत फरशीवर तो पळतो, तेव्हा कोणी तरी मागे असावे.

लाकडी खेळण्यांच्या किमतीबद्दल तुमचा हात आखडला हे स्वाभाविक आहे, पण पैसे कशाचे जातात ते पाहा. बेंगळूरु-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणला ही खेळणी परंपरेने आले मराच्या, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कुड्याच्या, हलक्या लाकडापासून करतात. लेथवर तुकडा फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्याच्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. शेवटी केवड्याच्या जातीच्या वनस्पतीचे पान दाबून चकाकी आणतात. फिरत्या तुकड्यावर हत्यार धरण्याची कला काय असते ते तुमच्या ओळखीच्या लेथवाल्याला विचारा. म्हणून सगळे घर त्यांनी भरू नका, एकच वस्तू घ्या : बाळासाठी काठीवर ओवायच्या मोठ्या रिंगा, किंवा मुलीसाठी बोटांनी फिरवायचा भोवरा. विकत घेताना रंग वनस्पतिजन्य आहेत का ते विचारा, कारण त्या नावाखाली इतर मालही विकला जातो. ओला पांढरा रुमाल जोरात घासून रंग उतरत असेल तर घेऊ नका. उतरला नाही म्हणजे रंग निर्धोकच, असेही मात्र समजू नका.

आपल्या जिल्ह्यातल्या गोकाकची रंगवलेली लाकडी फळे आणि भाज्या तुम्ही पाहिल्या असतील, आणि आंबोली घाट उतरून गेलात तर सावंतवाडीलाही तशी फळे मिळतात. पाच वर्षांच्या मुलीला भाजीबाजार मांडायला ती फार सुरेख आहेत. गणपत गल्लीत आई जशी घासाघीस करते तशी तिला तुमच्याशी करू द्या. पण ही रंगवलेली फळे मुळात शोभेची, ती बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. बोळक्यांचेही तेच : बिनरंगाची भाजलेली मातीची घ्या आणि फुटले की खापऱ्या तेव्हाच गोळा करा.

कारखान्यात तयार झालेल्या खेळण्यांसाठी एक सोपी चाळणी आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर टाकून पडताळता येतो. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांची आणि भौगोलिक मानांकनाखाली नोंदणी असलेली खेळणी या सक्तीतून वगळलेली आहेत, म्हणून अस्सल चन्नपट्टणी खेळण्यावर ते चिन्ह दिसले नाही तर बिचकू नका. जत्रेतल्या उघड्या हातगाडीवरच्या प्लॅस्टिकच्या खेळण्याला मात्र ही सवलत नाही.

सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत चांगले खेळणे तुमच्या गल्लीतल्या सुताराकडे पडून आहे. सागवानाचे किंवा दुसऱ्या भरीव लाकडाचे उरलेले तुकडे मागा. प्लायवूड नको, त्याच्या चिपा निघतात. जाडी-रुंदी सारखी ठेवून लांबी चार, आठ आणि सोळा सेंटीमीटर अशी दुपटीने कापून घ्या, म्हणजे दोन लहान मिळून एक मधला आणि दोन मधले मिळून एक मोठा होतो. चाळीस-पन्नास तुकडे पुरतात. कडा पॉलिश पेपरने तुम्ही दोघे मिळून घासा आणि रंग देऊ नका. चार सेंटीमीटरवाले बाळापासून लांब ठेवायचे हे लक्षात असू द्या. त्या ठोकळ्यांचे एके दिवशी घर होईल, दुसऱ्या दिवशी बसस्टँड, तिसऱ्या दिवशी नुसतीच लांब रांग. रांगेला नाव विचारू नका; असेल तर ती सांगेल.

पुण्याच्या भावाला 'पाठवू नकोस' म्हणू नका, ते लागते. त्याला नेमके सांगा : यंदा तुम्ही दोघे आणि तुमची बहीण किंवा मेहुणे असतील ते मिळून एक चांगली लहान सायकल घ्या. हाताला आणि पायाला काम देणारी ती वस्तू तीन वर्षे तरी टिकेल, आणि नातेवाइकांनाही एकाच मोठ्या गोष्टीत वाटा दिल्याचे समाधान मिळेल.

राहता राहिला तुमच्या स्वतःच्या हातची वाढदिवसाची भेट. दिवाळी जवळ आहे आणि बेळगावात दिवाळी म्हणजे किल्ला. तिला एक लहान घमेले, छोटी खुरपी आणि बाजारातले मातीचे दहा-बारा मावळे घेऊन द्या. मावळे रंगवलेले असतात, म्हणून खेळून झाल्यावर हात धुवायला लावा आणि ते बाळाच्या हाती लागू देऊ नका. दगड, विटांचे तुकडे आणि लाल माती यांचा डोंगर करा, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरा, ती काही दिवसांत हिरवी होईल. बुरूज करताना वाटी उपडी घालायची युक्ती तिला आता येत असेलच. तटबंदी कुठे ढासळते आणि माती किती ओली हवी यावर तुमच्या दोघांचे मतभेद झाले तर एकदा तिचे ऐका. पाळीवर जाताना अर्धवट किल्ल्यावर ओले पोते टाकून जा, परत आल्यावर पुढे चालू करा. आणि ती कोपऱ्यात पडलेली दोन हजारांची रिमोटची गाडी तिने उचलून बालेकिल्ल्यासमोर, मावळ्यांच्या शेजारी उभी केली, तर 'शिवाजी महाराजांच्या काळी गाड्या नव्हत्या' असे म्हणून काढायला लावू नका.